ओली खोली

गेटवरच्या यंत्राला कार्ड लावलं की हिरवा दिवा लागायचा, दांडा फिरायचा आणि माणूस आत. त्या सकाळी धाकटीने कार्ड लावलं तर दिवा लाल लागला. तिने कार्ड बाहीवर घासलं, पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

"उलटं धरलंय का बघ गं," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

उलटं नव्हतं. गेटवरचा पहारेकरी तिच्या गावचाच, लांबच्या नात्याने मामा लागायचा. रोज 'आलीस का गं' म्हणायचा. आज तो हातातल्या दंडुक्याकडे बघत म्हणाला, "बाजूला हो पोरी. त्या मंडपात जाऊन बस. तिथं सांगतील."

"काय सांगतील?"

"मला काय विचारतेस? मला फक्त लाल दिव्याची माणसं तिकडं पाठव म्हणालेत."

मंडपात खुर्च्या मांडल्या होत्या. आठवड्यापासून कुजबुज होतीच. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या इथे बनत, आणि त्या गाड्यांचं गिऱ्हाईक आटलं होतं. भरलेली खोकी गोदामात छतापर्यंत गेली होती. एक लाइन बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण प्रत्येकाला वाटत होतं, ती लाइन दुसऱ्याची असेल.

कार्यालयातली एक कोवळी मुलगी समोर बसून प्रत्येकाला तेच तेच समजावत होती. धाकटीची पाळी आली तोवर तिचा आवाज बसला होता. "तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही ताई," ती म्हणाली.

"मग?"

मुलीने पाण्याची बाटली उघडली, प्यायली नाही, परत झाकण लावलं. "लाइनच बंद झालीय हो."

लॉकरमधलं सामान शिपायाने पिशवीत भरून आणून दिलं. चपलांचा जोड, पाण्याची बाटली, ओठांना लावायच्या मलमाची डबी. धाकटी कोरड्या खोलीत कामाला होती. तिथली हवा यंत्रं पिळून काढायची. पांढरा अंगरखा, टोपी, तोंडावर पट्टी, हातात दुहेरी मोजे. उघडे फक्त डोळे. समोरून धातूचा पातळ पत्रा कापडाच्या ताग्यासारखा सरकायचा आणि त्यावर डाग, कण, ओलावा दिसला की तिने लाइन थांबवायची. तिच्या एका बोटाने ती अजस्र लाइन थांबत असे, याचं तिला मनातून फार अप्रूप होतं.

कंपनीची बस संध्याकाळशिवाय सुटणार नव्हती. ती पिशवी घेऊन पायीच निघाली. रस्त्यावर झाड नव्हतं. ऊन डोक्यात उतरत होतं. कारखान्याची भिंत संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं, इतकी वर्षं बसमधून जाताना ही भिंत एवढी लांब आहे हे कधी कळलंच नव्हतं.

घरी थोरली अंगणात गाईपुढे चारा टाकत होती. ही तिची जाऊ, घरची मोठी सून. धाकटीची चिमुरडी तिच्या कमरेवर बसली होती. तिला सगळे चिमणी म्हणत आणि चिमणी थोरलीला मोठी आई म्हणे. धाकटी भल्या सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. तोवर मुलीचं न्हाऊमाखू, जेवण, रडणं, सगळं थोरलीकडे.

थोरलीने पिशवी पाहिली. तोंड पाहिलं.

"हातपाय धू. जेवायचं झाकून ठेवलंय ते वाढते," ती म्हणाली.

धाकटीला तेवढ्यानेच भरून आलं. ती मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

सासऱ्यांना कमी ऐकू यायचं. रात्री जेवताना ते मोठ्याने म्हणाले, "आज सुट्टी होती का गं?"

"काम गेलं तिचं, मामंजी," थोरली त्यांच्या कानाशी म्हणाली.

"गावाला गेलं? कोण गेलं गावाला?"

एरवी सगळे हसले असते. थोरला दीर ताटातच बघत राहिला. धाकटीचा नवरा टेम्पो चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. फोनवर ऐकून तो म्हणाला, "बघू. तू जेवलीस का?" त्याला याहून जास्त बोलता यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला वाटलं, आज त्याने यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती थोरलीबरोबर शेतात जायला लागली. टोमॅटोचा तोडा चालू होता. काठ्या आणि तारांवर बांधलेल्या वेलांच्या ओळी, मध्ये चिंचोळी वाट, खाली तापलेली माती. थोरली दोन्ही हातांनी तोडायची. बोटं पानांत शिरली न शिरली की फळ पाटीत. धाकटी एकेक फळ फिरवून बघायची. डाग आहे का, चीर आहे का.

"अगं, ते पोरगी बघायला आल्यासारखं काय बघतेस?" शेजारच्या ओळीतली मजूर बाई म्हणाली. "तोड आणि टाक. कंपनीच्या मॅडम आल्यात तोड्याला!"

सगळ्या हसल्या. थोरलीसुद्धा हसली. धाकटीने मान खाली घातली. मोज्यांत राहून तिच्या हातांची कातडी लहान मुलासारखी मऊ पडली होती. दुपारपर्यंत बोटं हिरवी-काळी झाली, भेगांत रस जाऊन चुरचुरायला लागली. संध्याकाळी तिची एक ओळ झाली होती आणि थोरली तिसरीत होती.

घरातही तेच. मीठ कुठे ठेवतात, तिला माहीत नव्हतं. स्वतःच्या घरात ती डबे उघडून बघत उभी राहायची आणि थोरली मागून हात लांब करून नेमका डबा काढायची. गाईचं दूध काढायला बसली तर गाईने पाय झटकला, बादली लवंडली आणि दूध अंगणभर झालं.

"राहू दे," थोरली म्हणाली. "तुला नाही जमायचं ते."

चिमणीची वेणी घालायला बसवलं, तर पोरगी डोकं सोडवून पळाली. "तू ओढतेस. मोठी आई ओढत नाही."

त्या दिवशी धाकटीचा तोल गेला. थोरली चुलीशी होती. धाकटी दारात उभी राहून म्हणाली, "पोरगीसुद्धा माझी ठेवली नाहीत तुम्ही. या घरावर पत्रे कुणाच्या पगारातून आले, ते विसरले सगळे."

थोरली वळली नाही. चुलीतलं लाकूड तिने मागे ओढलं. "पत्रे तुझ्या पगारातून आले, खरंय. आणि तू पगार आणलास तो कुणाच्या जिवावर? तापाने फणफणलेली पोर मांडीवर घेऊन मी बसत होते, तेव्हा तू मोजे घालून पत्र्यावरचे डाग बघत होतीस."

त्यानंतर दोघी कामापुरत्याच बोलत. 'ते पातेलं दे.' 'वीज आली, मोटार लाव.' सासरे एकदा म्हणाले, "मला कमी ऐकू यायला लागलंय, का घरात कुणी बोलतच नाही?"

ओढ्यापलीकडे एक रोपवाटिका होती. जाळीचे मोठे मांडव, आत रोपांच्या ताटल्या. ती चालवणारी बाई पन्नाशीची, अंगाने रुंद, बोलायला फटकळ. सगळे तिला रोपवाली म्हणत. तिने कलमं करायला बायका हव्यात असं सांगितल्याचं धाकटीच्या कानावर आलं. बारीक, नाजूक काम. धाकटीला वाटलं, हे आपलंच काम. थोरलीला नव्या वाफ्यासाठी रोपं आणायचीच होती, म्हणून दोघी बरोबर निघाल्या. एक पुढे, एक मागे.

रोपवालीने दोघींकडे पाहिलं. "कलम कोण करणार?"

"मी," धाकटी म्हणाली. "मी बॅटरीच्या कारखान्यात होते. बारीक कामाची सवय आहे."

"बस. आणि तू गं? रोपं मोजून होईस्तोवर तूही बस. रिकामे हात मला बघवत नाहीत."

काम असं होतं. एका ताटलीत वांग्याची रोपं, दुसरीत टोमॅटोची. वांग्याचं मूळ चिवट, रोगट मातीतही तग धरतं. त्याचा शेंडा पात्याने तिरपा कापायचा. टोमॅटोचा शेंडा तसाच तिरपा कापून त्यावर बसवायचा आणि जोडावर इवलासा चिमटा लावायचा. मग आठवडाभर अंधाऱ्या, दमट खोलीत ठेवायचं. जोड धरला तर रोप उभं, नाही तर मान टाकणार.

धाकटीने पातं पुसलं. काप अगदी सरळ आला. तिने कापलेलं टोक निरखलं, कापसाने टिपलं, पुन्हा निरखलं, मग जोडलं. शेजारी थोरली भाजी निवडावी तशी करत होती. काप, जोड, चिमटा. काप, जोड, चिमटा. नजर अर्धी बाहेर.

आठवड्याने दोघी परत गेल्या. रोपवालीने दोन ताटल्या बाहेर आणून ठेवल्या. एकीत रोपं टवटवीत उभी होती. दुसरीत निम्म्याहून जास्त माना टाकून पडली होती. ताटल्यांवर खूण कुणाची आहे, ते वाचायची गरज नव्हती.

"तू फार पुसतेस," रोपवाली धाकटीला म्हणाली. "कापलं की त्याला आतला रस असतो, तोच जोड धरतो. तू तोच टिपून घेतेस. हात चांगला आहे तुझा, पण त्याचा झाडाला काय उपयोग?" मग थोरलीकडे वळून, "तू सोमवारपासून ये."

"मी?" थोरली हसलीच. "मी कुठं? मी हिच्याबरोबर आले होते."

"माझ्या कामाला हात लागतो. बरोबर कोण आलं होतं त्याच्याशी मला काय करायचंय?"

परतताना दोघी ओढ्यापर्यंत आल्या. धाकटीचा चेहरा पेटला होता. कारखान्याने काढलं, गाईने लाथ मारली, आता टोमॅटोचं रोपही आपल्या हाताला जगत नाही. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते गोटे. थोरली एका गोट्यावर टेकली आणि पायातला काटा काढत म्हणाली, "मी काही जाणार नाही. तू घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू?"

"मग तोंड असं का केलंयस?"

थोरलीने काटा काढून टाकला, पण उठली नाही. उजव्या हाताचा अंगठा ती डाव्या हाताने चोळत होती. पात्याने त्यावर बारीक रेघा उठल्या होत्या.

"कारखाना आला ना, तेव्हा मलाही वाटलं होतं जावं," ती म्हणाली. "पण दोघींतली एकच जाऊ शकत होती. तू शिकलेली. मी म्हटलं, जाऊ दे. तू बसमध्ये चढायचीस, तेव्हा मी रोज दारात यायचे. तुला वाटायचं पोरीला टाटा करायला येते." ती हसली. "बस बघायला यायचे गं मी. आत कोण कोण बसलंय ते."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. या बाईचं मीठ कुठे असतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आणि हेही ठाऊक नव्हतं. ती शेजारच्या गोट्यावर बसली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्ही सोमवारी जायचं."

"आणि घर?"

"मी आहे ना."

"तू? गाय तुला अंगाला हात लावू देत नाही."

"तुम्ही शिकवा. सोमवारपर्यंत वेळ आहे."

संध्याकाळी थोरल्याला सांगितलं, तेव्हा त्याने घास तसाच ताटात ठेवला. तो चांगला माणूस होता, पण त्याला घडी मोडलेली चालत नसे. "दोघींनी एकेक करून बाहेर पडायचं ठरवलंय का? घरात कोण?"

थोरली खाली बघून वाढत होती. दिरासमोर तिने आजवर आवाज चढवला नव्हता. "दादा, मी कामाला गेले तेव्हा नाही विचारलंत, घरात कोण."

"तू गेलीस तेव्हा ही होती."

"आता मी आहे."

तेवढ्यात सासऱ्यांनी मान वर केली. "काय म्हणते? कोण आहे?"

"मी आहे, मामंजी! घरात मी आहे!" धाकटी ओरडून म्हणाली. शेजारपाजारच्या दोन घरांना ऐकू गेलं असेल.

"दिसतेस की," म्हातारा म्हणाला. "ओरडतेस कशाला? भाजी वाढ."

थोरला आधी ओठ आवळून बसला, मग त्याला हसू आवरेना. तेवढ्यावर ते ठरलं.

सोमवारी थोरली निघाली. दोनदा परत आली. एकदा डबा विसरली म्हणून, एकदा चिमणीला उन्हात सोडू नकोस हे सांगायला. धाकटीने तिला दाराबाहेर ढकललं.

पहिले दिवस वाईट गेले. दूध कमी निघायचं, भात करपायचा, थोरला न बोलता खायचा. पण गाय हळूहळू सोसायला लागली. दूध काढताना थोरली गुणगुणते तसं गुणगुणून बघितलं, त्याने काही झालं नाही. मग धाकटी गाईशी नुसती बोलायला लागली. लाल दिवा कसा लागला, ती कोवळी मुलगी पाणी न पिताच झाकण कशी लावत होती, भिंत किती लांब आहे. कुणालाच न सांगितलेलं सगळं तिने गाईला सांगितलं. गाय रवंथ करत उभी राहिली आणि बादली भरली. चिमणी वेणी घालून घ्यायला लागली, पण अर्धीच. उरलेली मोठी आई आली की.

संध्याकाळी थोरली यायची ती बोलतच. रोपवाली कुणाला काय म्हणाली, कुणाचं पातं कुणी पळवलं. जेवायला बसवून धाकटी तिला वाढायची. पहिल्यांदा वाढलं, तेव्हा थोरली तीन वेळा पाणी आणायला उठली.

"बसा हो," धाकटी म्हणाली.

"सवय नाही गं. पाय आपोआप उठतात."

एकदा ती तशीच बसून म्हणाली, "रोपवालीला मागणी फार आलीय. कलमं आम्ही भरभर करतोय, पण ती ठेवायची खोली एकच. जागा नाही म्हणून परवा दोन ताटल्या वाया गेल्या. मी तिला म्हटलं, आमची मागची छपराची खोली रिकामी आहे. आणि माझ्या जावेला हवा राखता येते."

"हवा?"

"तूच सांगायचीस ना, खोलीतला ओलावा काट्यावर बघत बसायचं, जरा इकडचं तिकडे झालं की घंटा वाजते. तिथं कोरडं राखायचीस, इथं ओलं राख. हवा तीच."

"तीच कशी असेल जाऊबाई?" धाकटी म्हणाली. पण त्या रात्री तिला बराच वेळ झोप लागली नाही, आणि सकाळी गाईला हात लावण्याआधी ती छप्पर बघून आली.

नवरा घरी होता. त्याने आणि थोरल्याने मिळून भिंतींच्या फटी चिखलाने बुजवल्या, आतून प्लास्टिक ताणलं, दारा-खिडकीला गोणपाटं टांगली, वरून पाण्याचे तुषार उडवणारी नळी बसवली. नवरा गावातून ओलावा दाखवणारा छोटा काटा घेऊन आला. "हाच का?" तो म्हणाला. "दुकानदाराला धड सांगता येईना मला." हाच होता. धाकटीने तो डोळ्यांच्या उंचीवर खिळ्याला अडकवला.

रोपवालीकडून पहिल्या खेपेच्या ताटल्या आल्या आणि तिसऱ्या दिवशी वारा सुटला. कोरडा, भाजणारा वारा. दुपारी वीज गेली, तुषारांची मोटार बंद पडली. काटा खाली यायला लागला. धाकटी पाठीवरचा हातपंप घेऊन आत शिरली. जमिनीवर पाणी ओतलं, गोणपाटं भिजवली. ती भिजवून होईपर्यंत पहिलं गोणपाट वाळलेलं असायचं. थोरला विहिरीवरून कावडीने पाणी आणत होता. अंधारात तिचे कपडे अंगाला चिकटले, केसांतून पाणी गळत होतं, श्वास घेतला की तोंडात वाफ. दाराशी ठेवलेल्या एका ताटलीतल्या रोपांनी तिच्या डोळ्यांदेखत माना टाकल्या. क्षणभर तिला वाटलं, सगळीच जाणार. तिने ती ताटली बाहेर सारली, बाकीच्या आत कोपऱ्यात ओढल्या आणि पंपाचा दांडा हलवत राहिली. वारा पडेपर्यंत तिच्या तळहाताला फोड येऊन फुटलाही होता.

थोरली कामावरून आली ती थेट छपराकडे. तिने हात बघितला, फडकं भिजवून बांधलं. "रोपं?"

"आता सांगता येत नाही. उघडायचं नाही अजून."

उघडायच्या दिवशी थोरलीने रोपवालीकडून सकाळची सुट्टी घेतली. रोपवालीही टेम्पो घेऊन मागोमाग आली. धाकटीने गोणपाट वर केलं. उजेड आत गेला. ओल्या मातीचा आणि हिरव्या पानांचा वास दारात आला. ताटल्यांमागून ताटल्या, रोपं उभी होती. पानांच्या टोकांवर थेंब. रोपवालीने वाकून एकाचा जोड नखाने चाचपला, मग मधल्याच एका ताटलीतलं दुसरं, मग अगदी कोपऱ्यातलं.

"एक ताटली कमी आहे," ती म्हणाली.

"गेली. वाऱ्याच्या दिवशी," धाकटी म्हणाली. "दाराशी ठेवली, ती माझी चूक. आता दाराशी ठेवणार नाही."

"माझ्या खोलीत त्या दिवशी चार गेल्या." रोपवालीने हात झटकले. "पुढच्या खेपेला याच्या दुप्पट घेशील का?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली छपराकडे बघत होती. छप्पर तर भरलेलंच होतं. पलीकडच्या भिंतीला लागून चाऱ्याची खोली होती, ती पेंढ्यांनी वाशांना भिडेपर्यंत भरलेली.

थोरला इतका वेळ टेम्पोजवळ उभा होता. तो आला, चाऱ्याच्या खोलीचं दार उघडलं आणि वरची पेंढी ओढून अंगणात टाकली. मग दुसरी. धूळ उडाली. चिमणी धावत जाऊन पेंढ्यांवर चढली. थोरलीने नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि त्याच्या हातातून पेंढ्या घ्यायला लागली.

"अरे, काय चाललंय?" सासरे बाहेर येऊन ओरडले. "कुणी राहायला येतंय का?"

"हो, मामंजी!" धाकटी तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. तिच्या दोन्ही हातांवर रोपांची ताटली होती.

"किती जणं?"

"पुष्कळ!"

म्हाताऱ्याने पेंढ्यांकडे, टेम्पोकडे आणि माणसांकडे आळीपाळीने बघितलं. "मग नुसत्या उभ्या काय राहता," तो म्हणाला, "पाणी भरून ठेवा की."